डिअरबॉर्नच्या मुसलमानांनी ट्रम्प यांना मत का दिलं?

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अमेरिकेचे अध्यक्ष होणार हे स्पष्ट झालं, आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरू लागला. ‘मुसलमानांनी ट्रम्पला मत दिलंच कसं?’ विचारणारे दोन प्रकारचे होते. एक, माझे पुरोगामी मित्र. त्यांच्या प्रश्नात दुःख कमी आणि दटावणी जास्त होती, जणू मिशिगनच्या मुसलमानांचा जाब मी द्यायचा आहे. दुसरे आपल्याच मोहल्ल्यातले. त्यांचा सूर, ‘बघा, तिथल्या कौमनं कसा धडा शिकवला’ असा. दोघांनाही उत्तर द्यायचं मी तेव्हा टाळलं. आपल्याकडे २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि ‘व्होट जिहाद’ हा शब्द सभांमधून फेकला जात होता. अशा वेळी मुसलमान मत कसं ठरवतो यावर लिहिलेलं कुणी नीट वाचलं नसतं. आता लिहितो.

आधी त्या गावाविषयी. डिअरबॉर्न हे डेट्रॉइटला लागून असलेलं, सव्वा लाखाच्या आत वस्तीचं शहर. हेन्री फोर्डचं गाव. रूज नदीकाठच्या त्याच्या अवाढव्य कारखान्यात काम करायला शंभर वर्षांपूर्वी लेबनॉनमधून माणसं आली, मग येमेनी आले, इराकी आले. २०२० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं मूळ मध्यपूर्वेतलं किंवा उत्तर आफ्रिकेतलं असल्याचं नोंदवलं. १९८५ च्या महापौर निवडणुकीत ‘अरबांचा प्रश्न’ हा प्रचाराचा मुद्दा करून एक उमेदवार निवडून आला होता. त्याच शहराचे आजचे महापौर अब्दुल्ला हम्मूद आहेत.

२०२० मध्ये या शहरानं जो बायडन यांना दोन तृतीयांशांहून जास्त मतं दिली. २०२४ मध्ये ट्रम्प यांना साधारण ४२ टक्के, कमला हॅरिस यांना ३६ टक्के आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मिळाली. हाच तो आकडा, ज्यावरून जगभरचे लोक डिअरबॉर्नला बोल लावत होते.

त्यातला हिशेब पहिल्यांदा उरकून टाकू. मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं. डिअरबॉर्नमधला सगळा उलटफेर धरला तरी तो त्याच्या आसपासही जात नाही. आणि मिशिगनची १५ मतं हॅरिस यांच्या पारड्यात टाकली तरी त्या २२६ वरून २४१ वर जातात; लागतात २७०. सातही अटीतटीची राज्यं त्या हरल्या. तेव्हा ‘मुसलमानांनी हरवलं’ म्हणणाऱ्यांनी आधी बेरीज करावी. आपल्याकडेही ही सवय आहे. पराभवानंतर मुसलमानांनी मतं फोडली म्हणायचं आणि विजयानंतर त्यांची आठवण काढायची नाही.

पण बेरजेनं मूळ प्रश्न संपत नाही. ज्या माणसानं २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुसलमानांना अमेरिकेत येण्यावर संपूर्ण बंदी घाला म्हटलं आणि २०१७ च्या जानेवारीत सात मुस्लीम देशांवर प्रवेशबंदी लादून दाखवली, त्याच्या नावापुढे एका येमेनी किंवा लेबनीज माणसानं खूण का करावी?

मतदार अध्यक्ष कसा निवडतो, यावर अमेरिकेत ढीगभर संशोधन झालं आहे. त्यातलं एक गाजलेलं पुस्तक, ‘द अमेरिकन व्होटर’, १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी लिहिलं. त्यांचं विद्यापीठ डिअरबॉर्नपासून पाऊण तासाच्या अंतरावर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, बहुतेक लोक धोरणं तोलून मत देत नाहीत. पक्ष त्यांना घरातून मिळालेला असतो, जसा धर्म मिळतो. उमेदवार येतात-जातात, निष्ठा राहते. त्याच्याही आधी, १९४० मध्ये पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच त्या लोकांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठून विचारलं होतं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवत असतील, असा त्यांचा कयास होता. निघालं भलतंच. प्रचारानं फार थोडे लोक बदलले, आणि जे बदलले त्यांच्यावर शेजाऱ्याचा, सहकाऱ्याचा, घरातल्या जाणत्या माणसाचा प्रभाव जास्त होता. आपल्याकडे चहाच्या टपरीवर बसणाऱ्या कुणालाही हे संशोधनाशिवाय माहीत आहे.

अडचण अशी की, अमेरिकेतल्या बाहेरून आलेल्या मुसलमानाला घरातून पक्ष मिळालेलाच नव्हता. १९६५ च्या कायद्यानंतर आशियातून मोठ्या संख्येनं डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार तिथे गेले. कमी कर हवेत, कुटुंबाची चौकट टिकावी, धर्माचा मान राखला जावा, असं वाटणारा हा वर्ग. कागदावर पाहिलं तर तो रिपब्लिकन पक्षाचा स्वाभाविक मतदार होता. आणि एकदा तो खरोखर तिकडे गेलाही होता. ती गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीनं आलेल्या कायद्यांमुळे परदेशी नागरिकाला ‘गुप्त पुराव्या’वर डांबून ठेवण्याची वाट रुंदावली. आरोपीला पुरावा दिसत नाही, त्याच्या वकिलालाही दिसत नाही. या तरतुदीचे बळी बव्हंशी अरब आणि मुसलमान होते. फ्लोरिडात राहणारे पॅलेस्टिनी अध्यापक माझेन अल-नज्जार तीन वर्षांहून जास्त काळ असे तुरुंगात होते. मशिदींमधून, संघटनांमधून हा मुद्दा पेटला. ११ ऑक्टोबर २००० च्या दुसऱ्या जाहीर वादात जॉर्ज बुश यांनी आपण होऊन गुप्त पुराव्याचा उल्लेख केला आणि अरब-अमेरिकनांवर अन्याय होतो आहे, काहीतरी करायला हवं, असं म्हटलं. अल गोर त्यावर गप्प राहिले. एवढं पुरेसं ठरलं. पुढच्या दोन आठवड्यांच्या आत मुस्लीम संघटनांच्या समन्वय परिषदेनं बुश यांना पाठिंबा जाहीर केला. फ्लोरिडा बुश यांनी ५३७ मतांनी जिंकलं, आणि त्याबरोबर अध्यक्षपद. आमच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला, असं नेते छाती फुगवून सांगू लागले.

वर्षभरात ११ सप्टेंबर झालं. बुश १७ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये जाऊन चार चांगले शब्द बोलले, हे मान्य करायला हवं. पण २६ ऑक्टोबरला त्यांनी पॅट्रियट कायद्यावर सही केली. २००२ मध्ये पंचवीस देशांतल्या सोळा वर्षांवरील पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यायला लावणारी ‘विशेष नोंदणी’ सुरू झाली. उत्तर कोरिया सोडला तर ते सगळे देश मुस्लीमबहुल. ऐंशी हजारांहून जास्त माणसं रांगा लावून आली, तेरा हजारांच्या आसपास लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाचा एकही गुन्हा त्यातून सिद्ध झाला नाही. अल-नज्जार यांची २००० च्या डिसेंबरमध्ये सुटका झाली होती. त्यांना पुन्हा पकडलं आणि देशाबाहेर काढलं. मग इराक. २००४ मध्ये त्याच संघटनांनी जॉन केरी यांना पाठिंबा दिला, तोही ‘निषेधाचं मत’ म्हणून.

या प्रकरणात एक बाजू कुणी फारशी मांडत नाही. अमेरिकेतल्या मुसलमानांत काळे मुसलमान मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यांची मुळं त्या मातीत कितीतरी खोल आहेत. त्यांना घरातून पक्ष मिळालेला होता आणि तो बुश यांचा नव्हता. २००० चा निर्णय घेताना अरब आणि दक्षिण आशियाई डॉक्टर-व्यावसायिकांनी त्यांना विचारलं नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. ‘मुस्लीम उम्मत एकमुखानं’ असं निवेदन निघालं तेव्हा तो मुख बंगल्यांत राहणाऱ्यांचा होता. आपल्याकडच्या मुस्लीम ओबीसी चळवळीनं वर्षानुवर्षं हेच सांगितलं आहे: समाजाचं मत म्हणून जे जाहीर होतं, ते बहुतेकदा समाजातल्या चार घरांचं असतं.

बुश यांच्या अनुभवानंतर निष्ठा डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळली. प्रेमानं नव्हे, दुसरं दार बंद झालं म्हणून. २००८ च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत ओबामांच्या पाठीमागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी, हिजाब घातलेल्या दोन तरुणींना कार्यकर्त्यांनी बसू दिलं नाही. ओबामांनी नंतर माफी मागितली. तरी मत त्यांनाच गेलं. मत पाहिजे, पण फोटोत नको, हा अनुभव मला फार ओळखीचा वाटतो. आपल्या पक्षांच्या बॅनरवर दाढी-टोपी कधी येते आणि कधी गायब होते, ते जरा आठवून पाहा.

२०१६ च्या मार्चमध्ये डिअरबॉर्ननं सगळ्यांना चकित केलं. डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत या अरब शहरानं हिलरी क्लिंटन यांना नाकारून बर्नी सँडर्स यांना निवडलं. सँडर्स ज्यू आहेत. टीव्हीवरच्या विद्वानांना कोडं पडलं. तिथल्या लोकांना ते पडलं नव्हतं. सँडर्स त्यांच्यात आले, फीविषयी, पगाराविषयी, इस्पितळाच्या बिलाविषयी बोलले, आणि पॅलेस्टिनी माणसाचाही सन्मान असतो हे बोलायला कचरले नाहीत. माणूस आपल्याला माणूस समजतो की नाही, एवढं पाहून ते मत दिलं गेलं. मुसलमान धर्म बघून मत देतो म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता २०२४. गाझात मरणाऱ्यांचे आकडे आपण टीव्हीवर वाचत होतो. डिअरबॉर्नमध्ये ते फोनवर यायचे. तिथल्या कितीतरी घरांचे नातेवाईक दक्षिण लेबनॉनमधल्या गावांत आहेत, आणि सप्टेंबरपासून त्या गावांवर बॉम्ब पडत होते. बॉम्ब अमेरिकेतून येत होते, अमेरिकी कराच्या पैशातून. म्हणजे चुलत्याला मारणाऱ्या बॉम्बचा हप्ता पुतण्या भरत होता. या एका वाक्यापुढे ‘कमी वाईट कोण’ हा युक्तिवाद किती टिकेल?

तरी ते आधी नीट मार्गानं गेले. २७ फेब्रुवारीला प्राथमिक निवडणुकीत बायडन यांच्याविरुद्ध ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणालाही बांधील नाही, या पर्यायावर खूण करायची मोहीम चालवली. मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी ती केली. डिअरबॉर्नमध्ये बायडन यांना चक्क मागे टाकलं. हे घर सोडून जाणं नव्हतं, घराचं दार वाजवणं होतं. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी एवढंच मागितलं की एका पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला काही मिनिटं द्या. जॉर्जियाच्या आमदार रुवा रुम्मान यांचं भाषण तयार होतं. त्यात हॅरिस यांना पाठिंबाच होता. पक्षानं नकार दिला. मग ऑक्टोबरमध्ये मिशिगनच्या प्रचाराला हॅरिस यांनी बरोबर कुणाला आणलं, तर लिझ चेनी यांना, इराकवर युद्ध लादणाऱ्या डिक चेनी यांच्या मुलीला. माझ्या मते मिशिगनमधली सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. दुसरीकडे ट्रम्प मतदानाच्या चार दिवस आधी डिअरबॉर्नच्या एका हॉटेलात येऊन बसले. नोव्हीच्या सभेत काही इमाम त्यांच्याबरोबर मंचावर उभे राहिले. शेजारच्या हॅमट्रॅमकचे येमेनी वंशाचे महापौर आमेर गालिब यांनी तर सप्टेंबरमध्येच पाठिंबा दिला होता. त्यामागे केवळ गाझा नव्हतं, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. शाळेतल्या पुस्तकांवरून, समलैंगिकांच्या झेंड्यावरून या दोन्ही गावांत आधीची दोन वर्षं वाद धुमसत होता, आणि बराच धार्मिक मतदार तेव्हाच डेमोक्रॅटांपासून तुटला होता. गाझानं त्याला निघून जाण्याचं सन्माननीय कारण दिलं.

माझा सोलापूरचा एक वर्गमित्र वीस वर्षांपासून त्याच भागात आहे, मोटारीच्या सुट्या भागांच्या कंपनीत. त्याला मी विचारलं होतं. म्हणाला, “घरात तीन मतं होती आणि तीन दिशांना गेली. मी स्टाइनला. बायकोनं हॅरिसला, ती म्हणाली, मुलीचं कॉलेज, आपल्या भावांचे व्हिसा, याचा विचार कर. आणि मुलानं अध्यक्षाचा रकाना कोरा सोडून खाली रशीदा तलीबवर खूण केली.” तलीब या तिथल्या पॅलेस्टिनी वंशाच्या काँग्रेस सदस्य, त्यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला नव्हता, आणि त्याच डिअरबॉर्ननं त्यांना भरघोस मतांनी निवडून दिलं. म्हणजे मतपत्रिकेवर वर ट्रम्प आणि खाली तलीब अशा खुणा करणारेही होते. अडाण्यानं भरकटून केलेलं मतदान असं दिसत नाही. तो माणूस वर शिक्षा करत होता आणि खाली निवड करत होता.

मिशिगनच्या बाहेरच्या मुसलमानांनी काय केलं, यावर तर एकवाक्यताच नाही. एपी वृत्तसंस्थेच्या पाहणीत हॅरिस यांना ६३ टक्के, ट्रम्प यांना ३२ टक्के. केअर या मुस्लीम संघटनेच्या पाहणीत निम्म्याहून जास्त स्टाइन यांना आणि ट्रम्प-हॅरिस दोघंही वीसच्या आसपास. निवडणूक एक, समाज एक, आणि आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक! ‘मुस्लीम व्होट बँक’ नावाची चीज किती घट्ट असते, ते यावरून कळावं.

तिथल्या मशिदींत त्या महिन्यात जो वाद चालला, तो आपल्या वाचकांना परका वाटणार नाही. एक गट म्हणायचा, दोन संकटांतलं हलकं संकट पत्करा, फिकहचा नियमच आहे. दुसरा म्हणायचा, मत ही शहादत आहे, साक्ष आहे. नरसंहाराला मदत करणाऱ्याच्या बाजूनं साक्ष कशी देणार? मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला साक्ष, शिफारस आणि वकालत अशा तिन्ही अर्थांनी पाहिलं होतं आणि आपल्या उर्दू वर्तुळात ती मांडणी अजून सांगितली जाते. मला यातला तिसरा शब्द जास्त उपयोगी वाटतो. वकील नेमताना आपण तो फरिश्ता आहे का हे पाहत नाही. आपला खटला तो घेईल का आणि घेतला तर लढेल का, हे पाहतो. शिवाय वकिलाकडून आधी काहीतरी कबूल करून घेतो. डिअरबॉर्नच्या मतदाराला माझा दोष नाही. दोष त्या पुढाऱ्यांना आहे, ज्यांनी २००० मध्ये टीव्हीवरच्या दोन वाक्यांवर आणि २०२४ मध्ये हॉटेलातल्या एका भेटीवर अख्ख्या समाजाचं वकीलपत्र सही करून दिलं.

पुढे झालं ते असं. निवडून आल्यावर आठवड्याभरात ट्रम्प यांनी माइक हकाबी यांना इस्रायलमधले राजदूत म्हणून निवडलं, जे वेस्ट बँकवर इस्रायलचाच हक्क मानतात. २०२५ च्या जानेवारीत युद्धबंदी झाली, तेव्हा ट्रम्प समर्थकांनी पेढे वाटले. ४ फेब्रुवारीला नेतान्याहूंना शेजारी उभं करून ट्रम्प म्हणाले, गाझा अमेरिका ताब्यात घेईल आणि तिथल्या लोकांनी दुसरीकडे जावं. मार्चमध्ये बॉम्ब पुन्हा सुरू झाले. जूनमध्ये बारा देशांवर नवी प्रवेशबंदी आली, त्यात येमेन होता. गालिब यांचं नाव कुवेतमधल्या राजदूतपदासाठी पुढे आलं. हॅमट्रॅमकच्या येमेनी मतदाराच्या आईचा व्हिसा मात्र अडला.

हे सांगून मित्राला मी चिडवायला गेलो. तो म्हणाला, “हॅरिस आल्या असत्या तर बॉम्ब थांबले असते, हे तू मला लिहून देशील?” मला देता आलं नाही.

मग त्यानं उलट विचारलं, “तुझं सांग. तू २० तारखेला कुणाला दिलंस?” मी सांगितलं की अमक्याला पाडायचं होतं, म्हणून समोरच्याला दिलं. “कुणाला पाडायचं होतं ते नाही विचारलं,” तो म्हणाला. तेव्हा लक्षात आलं की ज्याला मत दिलं, त्यानं आमच्या वॉर्डात काय केलं आहे हे मला सांगता येत नव्हतं. मतदानाच्या वयाचा झाल्यापासून एकदाही मी कुणासाठी मत दिलेलं नाही; प्रत्येक वेळी कुणाच्या तरी विरोधात दिलं आहे. त्या वर्षी लोकसभेला मालेगावच्या लोकांनी असंच एकजुटीनं दिलं आणि धुळ्याची जागा ३,८३१ मतांनी फिरली. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये दोन मुस्लीम उमेदवारांत निकाल लागला, तो १६२ मतांनी. पहिल्या मतदानाला ‘व्होट जिहाद’ म्हटलं गेलं. दुसऱ्यात रस्ते, पाणी, यंत्रमाग, कोण कुणाचा माणूस, सगळं आलं, आणि त्याविषयी मालेगावच्या बाहेर कुणाला काही बोलावंसं वाटलं नाही.

मित्राच्या बायकोचा भाऊ अजून सोलापुरातच आहे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख दोनदा पुढे गेली आहे.